उघड्यावर पिकलेला माठ

कुंभार पिंपळगावात निराळ्यांची, म्हणजे निळीत कापड रंगवणाऱ्यांची, मोजकी घरं. त्यांतही माठ जिता असलेलं घर आता एकच उरलं होतं, सगुणाबाई आणि कडूबाचं. माठ म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला रांजण. त्यात नीळ, चुना, गूळ आणि तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, शिजवलेलं बी. वर लाकडी झाकण, झाकणावर ओलं गोणपाट. आत वारा शिरू द्यायचा नाही, म्हणजे माठ आंबतो, पिकतो. पिकला की निळीचा निळेपणाच जातो. खाली उसाच्या रसासारखं पिवळट हिरवं पाणी आणि वर तांब्याच्या रंगाची साय. त्या पाण्यात पांढरं लुगडं बुडवून वर काढावं तर ते हिरवं निघतं. मग त्याला वारा लागतो, आणि डोळ्यांदेखत ते निळं होत जातं, जणू वाऱ्याच्याच पोटात निळाई होती आणि त्यानं ती इथं आणून ठेवली. लग्न होऊन आल्यापासून सगुणाबाई हे बघत आली होती, तरी लुगडं वर येताना तिचा हात क्षणभर थांबायचाच.

माठाची चव तिला कळायची. करंगळी बुडवून जिभेला लावायची आणि सांगायची, आज चुना, नाहीतर आज गूळ. गूळ चुकला की माठ सुस्त पडतो, साय विरते, पाण्यात मुकाट निळा रंग परत येतो आणि मग तो मेला असं म्हणायचं. सासूनं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. बाकीचं तिनं ओवीतून शिकवलं:

माठ गं माझा बाई, पोटुशी लेक जशी
झाकल्या पदराआड निळाई वाढे कशी

आणि माठ बिघडलाच तर निराळ्यांकडे एक वेगळं औषध होतं. गावात एक धादांत खोटी बातमी सोडायची. परतूरच्या बाजारात सुसर विकायला आली, पाटलाच्या म्हशीला शिंगरू झालं. बातमी जितकी लांब जाईल तितका माठ लवकर ताळ्यावर येतो म्हणे. त्यामुळं काही अचाट कानावर आलं की पिंपळगावचे लोक आधी विचारत, निराळ्याचा माठ बिघडला का?

त्या साली संक्रांतीनंतर न्हाताना सगुणाबाईच्या हाताला उजव्या छातीत गाठ लागली. तिनं ती महिनाभर कुणाला सांगितली नाही. मग कडूबाला सांगितली. तो बराच वेळ दाराच्या कडीशी खेळत राहिला आणि म्हणाला, "जालन्याला जनाना दवाखाना हाय. लेडी डॉक्टर हाय तिथं. जल्दी जाऊ." परतूरपर्यंत बैलगाडी, पुढं निजामाची रेल्वे.

लेडी डॉक्टरचं नाव शरयूबाई. हैदराबादेत शिकलेल्या, नंतर वर्षभर जर्मनीत एका प्रयोगशाळेत राहून आलेल्या. अंगानं किरकोळ, आवाज मात्र लांबून ऐकू येणारा. त्यांनी पडद्याआड सगुणाबाईला निजवलं आणि बोटांच्या पेरांनी गाठ चाचपली.

"दुखतं का?"

"न्हाई. दुखलं असतं तर कवाच आले असते. दुखंना म्हनून तर भ्या वाटलं."

शरयूबाईंनी काख चाचपली. पुन्हा चाचपली. त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. "गाठ अजून हलते आहे. काखेत काही नाही. वेळेवर आलात. काढून टाकू."

"आन् हात?"

"हात राहील. पण गाठीखालचा स्नायूही काढावा लागतो. आधीचा जोर येईल असं मी सांगणार नाही."

"पिळायला?"

"ओलं लुगडं पिळायला कदाचित नाही."

सगुणाबाईनं आपला उजवा हात वर धरून पाहिला. कोपरापर्यंत निळा, नखं तर जांभळी. या हातातला जोर पाहूनच सासूनं तिला पसंत केलं होतं. "मंग न्हाई काढायची," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तिला. दुखंना, खुपंना. ती तिच्या जागी, मी माह्या."

"ती तिच्या जागी राहत नाही," शरयूबाई म्हणाल्या. पुढं बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. घाबरवलं की बायका पळतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्या उठल्या. "चला, एक दाखवते. तुम्ही पण या हो, बाहेर बसलेले."

मागच्या खोलीत कोमट पाण्याच्या घमेल्यात दोन लहान बाटल्या उभ्या होत्या. पहाटेच त्यांनी एका बाईची अशीच गाठ काढली होती. त्या गाठीची वस्तऱ्यानं कापलेली एक पातळ चकती एका बाटलीत होती, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. दुसरीत त्याच बाईच्या चांगल्या मांसाची तशीच चकती. दोन्हींत साखरेचं पाणी आणि थेंबभर निळा रंग. "पाणी आंबट झालं की हा रंग लाल होतो," शरयूबाईंनी सांगितलं. मग त्यांनी कडूबाच्या हाती एक रबरी गोळा दिला. त्याच्या नळ्या दोन्ही बाटल्यांत सोडलेल्या. "हा दाबत राहा. दोघींनाही भरपूर हवा मिळू दे."

कडूबा दाबू लागला. बाटल्यांतून बुडबुडे येऊ लागले.

"लोहाराचा भाता झाला माहा," तो म्हणाला.

"बोलू नका, दाबा," सगुणाबाई म्हणाली. ती रंगाकडे बघत होती. रंगाकडे बघणं हा तिचा जन्माचा धंदा.

थोडा वेळ दोन्ही बाटल्या निळ्या होत्या. मग गाठीच्या बाटलीत, चकतीच्या कडेला, एक जांभळी रेघ उमटली. जांभळीची गुलाबी झाली. गुलाबी पसरत गेली, आणि सगळी बाटली जास्वंदीच्या पाकळीसारखी लाल झाली. शेजारची बाटली होती तशीच निळी.

सगुणाबाईनं खाली वाकून पाहिलं. "हे मेलेलं न्हाई?"

"नाही. बाईपासून वेगळं झालं तरी ते अजून खातं आहे. साखर खातं आणि आंबट टाकतं."

"म्हंजे माठच की."

"माठ?"

मग सगुणाबाईनं त्यांना माठ सांगितला. झाकण, गूळ, साय, आंबट. शरयूबाई ऐकत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "अगदी बरोबर. वारा मिळाला नाही तर आपलं मांससुद्धा तेच करतं. तुम्ही जड बादली धरून धावलात की हात भरून येतात ना, तेव्हा तिथं माठच लागलेला असतो. पण हवा मिळाली की चांगलं मांस हवेवर चालतं, थोडक्या साखरेत पुष्कळ काम करतं. आणि ही गाठ..." त्यांनी लाल बाटलीकडे बोट दाखवलं. "हिला हवा दिली. तुमच्या यजमानांनी दमेपर्यंत दिली. तरी ती आंबवतेच आहे."

सगुणाबाईच्या उभ्या आयुष्यात झाकण उघडं टाकलेला माठ कधी पिकला नव्हता. वारा लागला की माठ जातो, हे तिला भाकरी थापण्याइतकं ठाऊक होतं. आणि इथं भर वाऱ्यात, बुडबुड्यांत, कुणा परक्या बाईच्या अंगातला एवढासा तुकडा मजेत पिकत होता. तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा होता तो, पण नुसता भीतीचा नव्हता.

"उघड्यावर पिकून राह्यला," ती हळूच म्हणाली.

"म्हणून सांगते, ही थांबायची नाही. सरळ साखर ओढून वाढत जाणार."

सगुणाबाईनं मान हलवली. तिच्या मनात काय आलं ते तिनं सांगितलं नाही. "लगीनसराईची लुगडी रंगवायची हायेत," ती म्हणाली. "पाडवा झाला की येते."

"पाडव्यापर्यंत थांबू नका."

"येते म्हनलं ना बाई, बिलकुल येते."

गाडीत बसल्यावर तिनं कडूबाला सांगितलं. "माठ हाय तो. माठ कसा मारायचा ते मला शिकवाया नको."

त्या दिवसापासून तिनं गूळ सोडला. मग भात सोडला. मग तिला वाटलं, ज्वारी चावत राहिलं की शेवटी गोडच लागते, म्हणून भाकरी सोडली. ताक आणि पालेभाजीचं पाणी एवढंच ठेवलं. पाडव्याला सगळ्यांनी कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर खाल्ला, तिनं नुसता पाला खाल्ला. शेजारची द्वारकाबाई पुरणाची पोळी घेऊन आली तेव्हा सगुणाबाईनं ताट झाकून ठेवलं.

"कोनाचा उपास धरला म्हनायचा ह्यो?"

"उपास न्हाई. छातीत माठ हाय माह्या. त्याला गूळ देत न्हाई."

द्वारकाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या झाकणाकडे पाहिलं. "अन् ते कोनं सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईनं बाटलीत दाखवलं. एका बाईच्या गाठीचा तुकडा. तो साखर खातो अन् आंबट ओकतो. पानी लाल होतं."

"अगं माय," द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "सुसरीपेक्षा ही चांगली हाय. लोक पार शहागडपस्तोर सांगत जातील. माठ लई बिघडला वाटतं औंदा?"

दुसऱ्या दिवशी बाजारात तिघींनी तेच विचारलं. सगुणाबाईनं पहिलीला समजावून सांगितलं, दुसरीला मान हलवली, तिसरीला "हो, बिघडला," म्हणून सांगितलं.

रोज उठल्याबरोबर ती गाठ चाचपायची. ती तिला लहान लागायची. बोटांना जे हवं असतं तेच बोटांना लागतं. "आटून राह्यली," ती कडूबाला सांगायची. कडूबा तिच्या मनगटांकडे बघायचा. बांगड्या आता मनगटावर थांबत नव्हत्या. हात वर केला की कोपरापर्यंत घसरत. गालांच्या वाट्या झाल्या होत्या. लुगडं पिळायला ती उभी राहायची आणि पिळून झालं की भिंत धरायची.

एका दुपारी नवरीचं लुगडं माठातून वर काढताना तिचा उजवा हातच गळाला. लुगडं हिरवंगार, वारा न लागलेलं, अंगणातल्या मातीत पडलं आणि मातीतच निळं झालं. ती तिथंच बसली. कडूबानं लुगडं उचललं नाही, बैल सोडले आणि गाडीला जुंपले.

"काहून? आता तर मरून राह्यला तो. बराबर मरून राह्यला. तुमाला दिसत न्हाई का?"

"मला तू दिसून राह्यली," कडूबा म्हणाला.

शरयूबाईंनी तिला दारातच पाहिलं आणि त्या जागच्या उठल्या. निजवून गाठ चाचपली. सगुणाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती, पसंतीला बसलेल्या पोरीसारखी.

"लहान झाली ना?"

"नाही, सगुणाबाई. वाढली आहे."

"अहो, मी गुळाचा कन न्हाई घेतला. भाकर न्हाई, भात न्हाई. खायाला काही न्हाईच तर वाढंल कशी?"

शरयूबाईंना आता सगळं कळलं. त्यांनी काखेत बोटं नेली आणि ती तिथंच थांबली. मग हात काढून घेतला, स्टूल ओढून सगुणाबाईच्या उशाशी बसल्या. "मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. उरलेलं आज ऐका. माठाला तुम्ही गूळ देता, तेव्हाच त्याला मिळतो. माठाला स्वतःचं घर नाही, कोठार नाही. पण ही गाठ एका भरल्या घरात बसली आहे. तुम्ही जेवलात काय, न जेवलात काय, रक्तातली साखर शरीर संपू देत नाही. संपली तर डोकं विझेल. म्हणून आधी काळजात, म्हणजे यकृतात, साठवलेली काढतं. ती सरली की मांस मोडतं आणि त्याची साखर करतं. हातांचं, पायांचं, गालांचं."

सगुणाबाईनं आपल्या हाताकडे पाहिलं. ज्या हातासाठी तिनं सुरीला नको म्हटलं होतं, तो हात काठीसारखा चादरीवर पडला होता.

"म्हंजे हे तिनं खाल्लं."

"हो."

कडूबा पडद्यापलीकडं उभा होता. तो खाकरला.

"आणखी एक आहे," शरयूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. देवळात गेल्यावर येतो तसा. "ती गाठ जे आंबट टाकते, ते रक्तातून कुठं जातं ठाऊक आहे? काळजात. उजव्या बरगड्यांखाली, इथं. आणि काळीज ते फेकून देत नाही. त्याची परत साखर करतं."

"आंबटाचं गोड?"

"आंबटाचं गोड."

सगुणाबाई उठून बसली. "न्हाई बाई. चुन्यानं आंबट मरतं. गोड न्हाई होत. माह्या सासूला जमलं न्हाई, तिच्या सासूला जमलं न्हाई. आंबलेल्या माठातून गूळ कोन काढील?"

"तुमचं काळीज काढतं. झोपेतसुद्धा काढतं. आत्ता, आपण बोलतोय तेव्हाही."

"अन् मंग त्या गुळाचं काय करतं?"

"रक्तात सोडतं. सगळ्या अंगाला. आणि गाठीलाही."

सगुणाबाईनं बरगड्यांखाली हात ठेवला, जसा पोटातल्या मुलाची लाथ बघायला ठेवतात तसा. आत काहीच हलत नव्हतं. एवढं मोठं काम चाललेलं, आणि ना आवाज ना धूर. आंबट उचलायचं, गोड करायचं, सगळ्यांना वाढायचं; पुन्हा आंबट उचलायचं. तिच्या ओठांवर नकळत ओवी आली, सासूच्या चालीवर, पण शब्द तिचेच:

चोर गं सांडी आंबट, काळीज गोड करी
त्याच वाटीनं पुन्हा चोराचं पोट भरी

"त्याला कळत न्हाई का, चोर हाय म्हनून?" तिनं विचारलं.

"काळजाला मागणारा तेवढा कळतो. पोटातलं मूलही असंच मागतं, सगुणाबाई. तेही घाईनं वाढताना असंच साखर ओढतं, असंच आंबवतं. जखम भरतानाही तेच होतं. ती भूक वाईट नाही, जन्म देणारी भूक आहे. फक्त मूल नऊ महिन्यांनी थांबतं, जखम भरली की थांबते. गाठीला थांबणं ठाऊक नाही."

बाहेर टांग्याच्या घोड्यानं खूर आपटले. सगुणाबाईनं पदर नीट केला. "काढा मंग. आजच काढा."

"आज नाही काढता येणार. या अंगाला क्लोरोफॉर्म सोसणार नाही, आणि टाके धरायला मांस हवं. आधी जेवायचं. भाकरी, दूध, गूळ. पोटभर."

"ती बी खाईल."

"खाईल. तुम्ही तिच्यापेक्षा जास्त खायचं." शरयूबाई थांबल्या. मग जे सांगायचं टाळलं असतं तर त्यांना झोप लागली नसती, ते सांगितलं. "काखेत आता एक दाणा लागतो आहे. मागच्या खेपेला नव्हता. तो मी काढीन. पण आणखी कुठं गेला असला तर मला दिसणार नाही. सगळं निघेल असं वचन देत नाही."

सगुणाबाईनं काखेत हात घातला. दाणा तिलाही सापडला. या वेळी बोटं खोटं बोलली नाहीत.

"ठीक हाय," ती म्हणाली. "माठाचं बी वचन कोन देतं."

दवाखान्याच्या ओसरीवर कडूबानं भाकरी कुस्करली, त्यात दूध घातलं, वर गूळ फोडला. पहिला घास तिनं हातात धरला आणि धरूनच ठेवला. ज्याला आपण उपाशी मारायला निघालो त्याच्या तोंडात स्वतःच्या हातानं गूळ घालायचा. असा घास तिनं जन्मात उचलला नव्हता.

"खाय," कडूबा म्हणाला. "तुह्या पाव्हन्याला बी एक घास. एवढे दिवस ऱ्हायला, उपाशी काय लावून द्यायचा?"

ती हसली. हसता हसता घास आत गेला. गोड लागला, इतका गोड की डोळ्यांत पाणी आलं. मग दुसरा घेतला. ती जेवत होती तसं तसं तिला आतलं घर दिसत होतं: घास उतरतोय, काळीज पंगत वाढतंय, हाताला, पायाला, डोक्याला, आणि कोपऱ्यात बसलेल्या त्यालाही. कुणाला ना म्हणायचं नाही, हेच त्या काळजाचं ब्रीद. तिला त्याचा राग आला होता. ताट रिकामं झालं तेव्हा राग कुठं गेला ते तिलाच कळलं नाही.

ती रोज अशी जेवली. गालांच्या वाट्या भरू लागल्या तेव्हा शरयूबाईंनी तिला आत घेतलं. कडूबा ओसरीवर रबरी गोळ्याशिवायच मूठ दाबत, सोडत बसून राहिला.

गाठ निघाली, दाणा निघाला, स्नायूही गेला. दाण्याच्या पुढं शरयूबाईंच्या नजरेला काही सापडलं नाही. नजरेपलीकडचं त्या काही बोलल्या नाहीत. उजवा हात खांद्यापर्यंत उचलायचा आणि तिथं अडायचा. लुगडी आता कडूबा पिळणार होता, आणि त्याला ते अजिबात जमणार नाही यावर नवरा-बायकोत आधीच वाद झाला होता.

टाके काढायच्या सकाळी सगुणाबाईनं आरसा मागून घेतला. छातीच्या जागी एक लांब, तिरकी, गुलाबी शिवण होती. कडेनं नवं कातडं येत होतं, पिंपळाच्या कोवळ्या पानासारखं तांबूस आणि चकचकीत. तिनं डाव्या हाताचं बोट टेकवलं.

"ऊन ऊन लागून राह्यलं इथं."

"काम चाललंय तिथं," शरयूबाई म्हणाल्या. "तीच भूक. म्हणून तर तुम्हाला दिवसातून चारदा जेवायला लागतंय."

सगुणाबाई आरशात बघत राहिली. ही शिवण आत्ता, या घटकेला, साखर ओढत होती आणि विणत होती, घाईघाईनं, लग्नघरच्या बायकांसारखी. "अन् हे कवा थांबंल?"

"भरली की थांबेल."

"भरली म्हनून तिला कोन सांगतं?"

शरयूबाईंनी हातातला चिमटा ताटलीत ठेवला. पुस्तकात काय आहे ते त्यांनी मनात चाळून पाहिलं, जर्मनीतल्या त्या प्रयोगशाळेतली लांब टेबलं आठवून पाहिली. "मला माहीत नाही, सगुणाबाई. अजून कुणालाच माहीत नाही."

दोघी त्या शिवणीकडे बघत राहिल्या. बाहेरून कडूबानं विचारलं, भाकरी आणली आहे, आत देऊ का.

"द्या," सगुणाबाई म्हणाली. "लई भूक लागली."